बासुंदी किती वाजता उतरवली?



ज्यांच्या तसबिरीला आत्ता हार घातला, त्या डॉक्टरांसमोर या सभागृहातल्या निम्म्या लोकांनी कधी ना कधी जीभ बाहेर काढून दाखवली असेल. मीही दाखवली आहे. संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "अन्नातली विषबाधा." पलीकडे जरा शांतता झाली. मग आवाज आला, "चालेल सर. फक्त व्याख्यानानंतर अल्पोपहार ठेवलाय." (हशा) त्या अल्पोपहाराकडे आपण शेवटी येऊच. सुरुवात एका लग्नापासून करतो.

माझ्या मावशीचं लग्न याच गावात झालं, १९६८ च्या वैशाखात. मी अकरा वर्षांचा होतो. आदल्या रात्री मांडवामागे चुलाणावर दूध आटत होतं. कढईची खरवड मुलांना मिळणार होती, म्हणून आम्ही डोळे ताणून जागे. अकराच्या सुमारास कढई उतरली. बासुंदी दोन मोठ्या पातेल्यांत ओतली, आणि कोमट झाल्यावर सायीच्या गुठळ्या दिसत होत्या त्या आचाऱ्याने हात घालून बोटांनी मोडल्या. त्याच्या तर्जनीला हळदीने पिवळी झालेली चिंधी बांधली होती. नखुरडं झालं होतं त्याला. मग पातेल्यांवर पांढरंशुभ्र फडकं बांधलं, आणि आम्ही खरवड खाऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी पहिली पंगत साडेबाराला बसली. तीनच्या सुमारास नवऱ्या मुलाचे चुलते पान अर्धवट चघळत उठले आणि विहिरीकडे धावले. चारपर्यंत मांडवात चाळीसेक माणसं ओकत होती. एकच ओरडा झाला, "बासुंदीत पाल पडली!" पातेली उपसून पाहिली. पाल सापडली नाही. पण त्यामुळे संशय फिटला नाही, उलट पक्का झाला. नाही ना सापडली? म्हणजे विरघळली!

डॉक्टर सायकलवरून आले. पातेल्यात त्यांनी डोकावूनसुद्धा पाहिलं नाही. माझ्या आजोबांना विचारलं, "अण्णा, बासुंदी किती वाजता उतरवली?"

"रात्री अकराला."

"ठेवली कुठे?"

"इथंच की. मांडवात."

मग ते आचाऱ्याकडे वळले. "हात बघू," म्हणाले.

पुढे मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलो, तीसेक वर्षं शिकवलं, निवृत्त झालो. एवढ्या वर्षांत मला त्या दोन प्रश्नांपलीकडे फार लांब जाता आलेलं नाही. आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नांचा अर्थ लावायचा प्रयत्न आहे.

आधी पालीला मोकळं करू. आपल्या भिंतीवरची पाल विषारी नसते. तिच्या पोटात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, ती अन्नात पडलेली चांगली नाहीच. पण साल्मोनेला पोटात गेला, तर त्याला आतड्यात वाढायला वेळ लागतो. निदान सहा तास, बहुधा अर्धा-एक दिवस, आणि मग ताप, जुलाब. आमच्या पाहुण्यांना अडीच तासांत ओकाऱ्या झाल्या, ताप कुणालाच नव्हता. पाल निर्दोष सुटते ती घड्याळामुळे.

पालीचं खूळ आपल्याकडेच होतं असं समजू नका. युरोपातल्या शास्त्रज्ञांची पाल वेगळी होती, एवढंच. १८७० च्या दशकात सेल्मी नावाच्या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने 'टोमेन' हा शब्द काढला. ग्रीक भाषेत 'टोमा' म्हणजे मढं. मांस कुजताना त्यात मढ्याचं विष तयार होतं आणि ते खाऊन माणूस आजारी पडतो, अशी कल्पना. पुढे कितीतरी वर्षं डॉक्टर 'टोमेन पॉयझनिंग' असं निदान लिहीत राहिले. कल्पना चुकीची होती, पण तिच्यातून एक समजूत पक्की झाली आणि ती आजही आपल्या घरोघरी नांदते आहे: जे कुजलं ते बाधतं, जे कुजलं नाही ते बाधत नाही.

आपली भाषाच बघा ना. अन्न बिघडल्याचे किती शब्द आहेत आपल्याकडे! वरण आंबतं, पुरण विटतं, दूध नासतं, तेल खवट होतं, पीठ कुबट होतं, भाकरी बुरसते, भाजीला तार सुटते. एकेका शब्दात आजीचा अनुभव आहे. पण नीट ऐका, हे सगळे शब्द नाकाचे, जिभेचे आणि डोळ्यांचे आहेत. वास, चव, रंग, तार यांपैकी काहीही न बदलता अन्नात विष झालं, तर त्याला आपल्याकडे शब्द आहे का? मी पुष्कळ शोधला. 'बाधलं' हा एक आहे, पण तो नंतरचा. खाऊन झाल्यावरचा. ताटात असताना त्या अन्नाला काय म्हणायचं? शब्द नाही, कारण ताटात असताना ते कळतच नाही. आमची बासुंदी वेलदोड्याच्या वासाने घमघमत होती. चुलत्यांनी तीन वाट्या मागून घेतल्या होत्या.

आता जरा शास्त्राकडे. अन्नातून जंतू त्रास देतात ते ढोबळपणे तीन तऱ्हांनी. एक, जंतू स्वतः पोटात जातो, तिथे बिऱ्हाड करतो आणि आजार करतो. साल्मोनेलाचं हे असं. दोन, जंतू अन्नातच वाढतो आणि आपण जेवायला बसायच्या आधी त्यात विष करून ठेवतो. तिसरी तऱ्हा या दोहोंच्या मधली, जंतू अन्नात वाढतात पण विष सोडतात आपल्या आतड्यात गेल्यावर. आज मला बोलायचंय ते मुख्यतः दुसरीबद्दल, कारण तिच्याविषयीच आपले गैरसमज सर्वांत जास्त आहेत.

आचाऱ्याच्या नखुरड्यात होता तो स्टॅफिलोकॉकस ऑरियस. सूक्ष्मदर्शकाखाली द्राक्षाच्या घोसासारखा दिसतो. हा काही परका प्राणी नाही. या सभागृहातल्या चार-पाच जणांमागे एकाच्या नाकात तो आत्ता आहे, आणि त्यांची तब्येत ठणठणीत आहे. नाक पुसलं की तो बोटावर येतो. फोड, गळू, नखुरडं यांत तर तो कोटींनी असतो. मीठ-साखर त्याला इतर जंतूंपेक्षा पुष्कळच अधिक मानवते, त्यामुळे गोडाधोडात तो सुखाने राहतो. दूध उकळताना तो मरतो, हेही खरं. पण आचाऱ्याचा हात बासुंदीत गेला तो उकळून झाल्यावर. वैशाखातली रात्र, कोमट आटीव दूध, स्पर्धेला दुसरा जंतू नाही, आणि साडेतेरा तास. त्याला यापेक्षा काय हवं?

हे कोडं पहिल्यांदा सोडवलं मार्शल बार्बर या अमेरिकन माणसाने, तेही आपल्यासारख्याच उष्ण मुलखात, फिलिपीन्समध्ये. तिथल्या एका गोठ्यातलं दूध प्यायलं की लोकांना ओकाऱ्या होत. बार्बर तिथे गेला, ताजं दूध प्यायला. काही झालं नाही. तेच दूध काही तास बाहेर ठेवून मग प्यायला, आणि आडवा झाला. एका गाईची कास सुजलेली होती, तिच्या दुधात त्याला हा जंतू सापडला. मग त्याने तो जंतू चांगल्या दुधात घालून, वाढू देऊन, पुन्हा प्यायला. पुन्हा आडवा. हे १९१४ साली छापून आलं आणि लोक विसरून गेले! १९३० साली शिकागोच्या डॅक यांनी नाताळच्या क्रीमच्या केकातून झालेल्या बाधेत तोच जंतू पकडला, जंतू गाळून उरलेला द्रव स्वयंसेवकांना पाजला, आणि जंतूशिवायही ओकाऱ्या होतात हे दाखवून दिलं. तेव्हा कुठे टोमेनचा पाय मोडला.

या विषाची मात्रा किती लागते? एका ग्रॅमचे दहा लाख भाग करा. त्यातल्या एका भागाहूनही कमी पुरते. ते आतड्यातल्या मज्जातंतूंमार्फत मेंदूतल्या ओकारीच्या केंद्राला वर्दी देतं, आणि माणूस तासा-दोन तासांत, फार तर सहा तासांत, बेजार होतो. बहुतेक जण दुसऱ्या दिवशी उठून बसतात.

आणि आता ती गोष्ट, जी सांगितल्यावर माझ्या घरी कुणाचा विश्वास बसत नाही. हे विष उकळून जात नाही. अर्धा तास खळखळ उकळा. जंतू मरतात, विष तसंच राहतं. "उकळून घेतलं, आता काही नाही" हे वाक्य आपण किती विश्वासाने म्हणतो! पाण्याच्या बाबतीत ते योग्य आहे. कारण पाण्यात आपल्याला जंतू मारायचे असतात. पण जिथे जंतू आपलं काम उरकून बसलेले आहेत, तिथे त्यांना मारून काय मिळणार? घर लुटून झाल्यावर चोराला फाशी दिली, तरी दागिने परत येत नाहीत.

याचा सर्वांत मोठा पुरावा जपानचा. मार्च २००० च्या शेवटच्या दिवशी होक्काइडो बेटावरच्या ताइकी इथे, स्नो ब्रँड कंपनीच्या दूध पावडरीच्या कारखान्यात, छतावरचा बर्फाचा सुळका विजेच्या खोलीवर कोसळला. सुमारे तीन तास वीज गेली. नळ्यांमधलं दूध तसंच कोमट पडून राहिलं. वीज आली, यंत्रं सुरू झाली, दूध नियमाप्रमाणे तापवलं, वाळवलं, पावडर झाली. ती पावडर पुढे ओसाकाच्या कारखान्यात कमी स्निग्धांशाच्या दुधात मिसळली गेली. जूनअखेर ओसाकाच्या परिसरात १३ हजारांहून अधिक माणसं आजारी पडली. पावडर तपासली तर जिवंत स्टॅफिलोकॉकस नाही. तापवण्यात मेला होता बिचारा. विष मात्र होतं. स्वच्छतेसाठी जगभर नाव असलेला देश, स्टीलचे चकचकीत पाइप, आणि तरी आमच्या मांडवातलीच गोष्ट. फक्त चुलत्यांच्या जागी १३ हजार माणसं.

दुसरा आरोपी माणसाच्या हातावर नसतो, तो शेतातून येतो. बॅसिलस सेरियस. मातीतला जंतू, तांदळाच्या दाण्याबरोबर घरी येतो. अडचणीच्या काळात तो स्वतःभोवती टणक कवच करून झोपी जातो. त्याला आम्ही बीजाणू म्हणतो. भात शिजताना इतर जंतू मरतात, बीजाणू मरत नाहीत. उलट त्या आचेने त्यांना जाग येते. पुढे भात कोमट झाला की ते उगवतात आणि वाढू लागतात.

१९७० च्या सुमारास लंडनमधल्या चिनी उपाहारगृहांत फ्राइड राइस खाऊन माणसं आजारी पडू लागली. तासा-दोन तासांत ओकाऱ्या. चौकशी झाली तेव्हा रीत उघडकीला आली. भात ढिगाने शिजवायचा, रात्रभर बाहेर ठेवायचा. फ्रिजमध्ये ठेवला तर तो चिकटून त्याचे गोळे होतात, मग परतताना सुटा होत नाही. सकाळी तो तव्यावर झटपट परतायचा. आपल्या फोडणीच्या भाताहून यात काय निराळं आहे सांगा! अंडं घातलं, एवढंच.

या जंतूचं ओकारी आणणारं विष तर हट्टीपणात स्टॅफिलोकॉकसलाही मागे टाकतं. त्याचा रेणू बांगडीसारखा गोल असतो. १२१ अंश सेल्सिअसला दीड तास ठेवलं तरी ते टिकतं. पोटातलं आम्ल त्याचं काही करू शकत नाही. फोडणीतली मोहरी तडतडली, कढीपत्ता पडला, घरभर खमंग वास सुटला. त्याला काय त्याचं!

कुणी म्हणेल, आमच्या सात पिढ्यांनी शिळा भात खाल्ला. मीही खाल्ला, आजही खातो. घरातल्या वाटीभर उरलेल्या भाताला मी फारसा भीत नाही. मी भितो तपेल्याला. याचं कारण जीवशास्त्रात नाही, पदार्थविज्ञानात आहे. घट्ट अन्नाचा थर जितका जाड, तितका तो सावकाश निवतो. आणि हा हिशोब सरळ नाही. जाडी दुप्पट झाली की निवायला साधारण चौपट वेळ लागतो. तिप्पट झाली की नऊपट. घरच्या पातेलीतला भात तासाभरात निवत असेल, तर लग्नातल्या तपेल्यातला पोटातून मध्यरात्रीपर्यंत कोमट राहतो. वर हात लावून पाहा, गार लागेल. कोपरापर्यंत हात घातलात तर आत ऊब आहे. झाकण घालून, वर जाजम टाकून आपण ती ऊब आणखी राखतो, सकाळी कामाला येईल म्हणून. जंतूंची उबवणी करायला आम्ही प्रयोगशाळेत महागडं यंत्र घेतो. तुमच्या मांडवात ते फुकट चालू असतं.

आणखी एक गंमत सांगतो. 'गरम अन्न फ्रिजमध्ये ठेवू नये' हा नियम प्रत्येक घरात पाळला जातो. त्यामुळे होतं काय, की भात आधी ओट्यावर 'निवतो', मग मालिका संपते, मग कुणीतरी झोपायच्या आधी आठवणीने आत ठेवतं. म्हणजे वाढीला सर्वांत सोयीचे तीन तास आपण त्या जंतूला फ्रिजच्या काळजीपोटी देतो. परात घ्या, भात पसरा, अर्ध्या तासात निवेल, मग लहान डब्यांत घालून आत ठेवा. माझी सून हे करते. माझी पत्नी चाळीस वर्षं माझ्याशी संसार करून अजून ओट्यावर निववते.

याच जंतूची एक दुसरी जात जुलाब करते. तिचा शोध नॉर्वेत लागला, ऑस्लोच्या एका इस्पितळात व्हॅनिला सॉस खाऊन माणसं आजारी पडली तेव्हा. स्टाइनार हाउगे या संशोधकाला शंका आली. त्याने सॉसमध्ये जंतू वाढवला आणि २०० मिलिलिटर स्वतः पिऊन टाकला. तेरा तासांनी जे व्हायचं ते झालं, आणि त्याने ते वेळेसकट टिपून ठेवलं. आमच्या शास्त्रातली ही थोर परंपरा. माझ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगत असे, परंपरेचा आदर करा, अनुकरण नको.

मधली तऱ्हा म्हणालो होतो, तिचं उदाहरण म्हणजे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. रश्शाचा जंतू. मटणाच्या मोठ्या हंड्यात याचे बीजाणू उकळीतून वाचतात. उकळताना रश्शातली हवा निघून जाते, आणि याला नेमकी हवा नकोच असते. त्रेचाळीस-पंचेचाळीस अंशांना, म्हणजे रस्सा हाताला सोसेल इतका गरम असताना, हा दहा मिनिटांत दुप्पट होतो. हिशोब करा. तासात एकाचे चौसष्ट, तीन तासांत अडीच लाखांच्या वर. असे लाखो जिवंत जंतू खाल्ले की ते आतड्यात जाऊन पुन्हा बीजाणू व्हायला लागतात आणि फुटताना विष सोडतात. म्हणून याची बाधा उशिरा, आठ ते सोळा तासांनी. रात्री जेवण, पहाटे पोटात मुरडा आणि जुलाब, ओकारी सहसा नाही. लंडनच्या बेटी हॉब्ज यांनी १९५३ साली याचा छडा लावला. इथे मात्र उकळण्याचा उपयोग होतो, बरं का. पानात वाढायच्या आधी रस्सा पुन्हा खळखळून उकळला तर जिवंत जंतू मरतात, आणि विष तर अजून झालेलंच नसतं.

आतड्यात सुटणाऱ्या विषाचा विषय निघाला, म्हणून एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. शंभुनाथ डे. कॉलराचा जंतू कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात येऊन पक्का केला आणि तो विषाने मारतो असा अंदाजही केला. ते विष पुढची पंचाहत्तर वर्षं कुणाला दाखवता येईना. लोक शोधत होते रक्तात. कलकत्त्याच्या डे यांनी सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्ही टोकांनी बांधला, आणि जंतू गाळून काढलेलं, जंतू नसलेलं पाणी त्यात टोचलं. आतडं भाताच्या पेजेसारख्या पाण्याने टम्म फुगलं. १९५९ साली हे 'नेचर'मध्ये आलं. आतड्याच्या पेशींचे नळ हे विष उघडं करून ठेवतं, बाकी पेशी धडधाकट असतात, हे पुढे त्यातूनच उलगडत गेलं. १९७८ साली नोबेल परिसंवादासाठी त्यांना स्टॉकहोमला बोलावलं. आपल्याकडे १९८५ साली ते गेले तेव्हा फारशी कुणी दखल घेतली नाही. त्याच बंगालात १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून कॉलराचे मृत्यू तीस टक्क्यांच्या घरातून चार टक्क्यांच्या खाली आणले. बाधा कशाचीही असो, आधार याच पाण्याचा. आमच्या डॉक्टरांनी त्या दिवशी मांडवात बादलीभर पाण्यात हातानेच साखर-मीठ कालवलं होतं, तेव्हा या छावणीला अजून तीन वर्षं अवकाश होता. आजीचं लिंबू-सरबत आणि त्यांचं ते पाणी यांत फरक किती, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

किनाऱ्यावरच्या मंडळींसाठी दोन शब्द. "बांगडा बाधला" म्हणतात ना, तोंड लालबुंद, अंगाला खाज, डोकं ठणकतं, तेही जेवून हात धुवेपर्यंत. डॉक्टर म्हणतात ॲलर्जी. पुष्कळदा ती ॲलर्जी नसते. बांगडा, सुरमई, कुपा यांच्या मांसातल्या एका घटकापासून जंतू हिस्टामिन तयार करतात, मासळी बर्फाशिवाय पडून राहिली की. हेही तळून जात नाही. जाळ्यातून निघाल्यापासून टोपलीत येईपर्यंत मासळीला किती वेळ बर्फ नव्हता, तो वेळ तव्याला भरून काढता येत नाही.

आणि उपासाची भगर? हे विचारणारच कुणीतरी, म्हणून आधीच सांगतो. तिचा संशय बहुधा बुरशीवर जातो. तो निराळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

शेवटी सर्वांचा बाप, बोटुलिनम. आपल्याकडे याचे रुग्ण विरळा. पण याच्याइतकं जहाल नैसर्गिक विष दुसरं माहीत नाही. जर्मनीत व्युर्टेम्बर्ग प्रांतात युस्टिनुस केर्नर नावाचा डॉक्टर होता, तो कवीही होता. सॉसेज खाऊन माणसांना एकाचे दोन दिसतात, पापण्या मिटतात, घोट गिळवत नाही, शेवटी श्वास थांबतो, हे त्याने शेकड्याने रुग्ण गोळा करून १८२० च्या आसपास लिहून ठेवलं. त्यानेही त्या विषाचे थेंब चाखून पाहिले! लॅटिनमध्ये सॉसेजला बोटुलस म्हणतात, त्यावरून नाव आलं. जंतू सापडला १८९५ साली बेल्जियममधल्या एलझेल गावी. एका अंत्ययात्रेत वाजवायला आलेल्या बँडवाल्यांनी खारवलेलं कच्चं डुकराचं मांस खाल्लं, त्यातले तिघे दगावले. फान एर्मेंगेम या प्राध्यापकांनी उरलेल्या मांसातून जंतू काढला.

याची तऱ्हा स्टॅफिलोकॉकसच्या नेमकी उलटी. याचे बीजाणू कित्येक तास उकळून मरत नाहीत, पण विष मात्र दहा मिनिटं उकळलं की संपतं. म्हणून हा लपतो तो न उकळता खायच्या पदार्थांत, बंद डब्यात, जिथे हवा नाही आणि आंबटपणाही नाही. आंबटात तो उगवत नाही. कैरीचं लोणचं वर्षभर बरणीत तेलाखाली निर्धास्त राहतं ते कैरीच्या जिवावर. हल्ली इंटरनेटवर पाहून लोक सोललेला लसूण नुसत्या तेलात बुडवून ओट्यावर ठेवतात. लसूण मातीतला, तेलाखाली हवा नाही, आंबट काही नाही. अशी बाटली घरात दिसली तर फेकून द्या, ही माझी विनंती समजा. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. मधात हे बीजाणू असू शकतात, आणि बाळाचं आतडं त्यांना अजून अडवू शकत नाही. बारशाला आजी रागावतील. रागावू द्यात.

केर्नरने तेव्हाच लिहून ठेवलं होतं की हे विष अगदी थोड्या मात्रेत औषध म्हणून वापरता येईल. आज तिरळेपणावर ते टोचतात, आखडलेल्या स्नायूंवर टोचतात, आणि सिनेमातल्या मंडळींच्या कपाळावर टोचतात. सॉसेजचं विष कपाळावर मिरवायचं हे केर्नरच्याही काव्यप्रतिभेत बसलं नसतं.

आता त्या लग्नाकडे परत. आजोबांनी आचाऱ्याला हाकलून द्यायचं ठरवलं होतं. डॉक्टर म्हणाले, "अण्णा, त्याला रात्री सुट्टी मागता आली असती का?" आजोबा काही बोलले नाहीत. पन्नास वर्षांत मी विद्यार्थी झालो, शिक्षक झालो, जंतूंची नावं पाठ केली. पण तो प्रश्न कुठल्याच पुस्तकात सापडला नाही. बोटाला नखुरडं झालेला माणूस मोठ्या मांडवात, दोनशे पानांच्या कामावर, 'आज हात चांगला नाही' असं कुणाला सांगेल? आणि सांगितलं तर त्याची त्या दिवसाची मजुरी कोण देईल? डॉक्टरांनी त्याचं नखुरडं तिथेच चिरलं, मलमपट्टी केली, आणि आठ दिवस चुलीपाशी जायचं नाही असं बजावलं. त्या आठ दिवसांचे पैसे आजोबांनी दिले. रागावून दिले, पण दिले.

बऱ्याच जणांची नजर घड्याळाकडे जाते आहे. माझीही गेली होती. व्याख्यानाला उभं राहायच्या आधी मी मागच्या स्वयंपाकघरात डोकावून आलो. उपमा आहे, ओल्या नारळाची चटणी आहे. ताईंना विचारलं. उपमा पाच वाजून दहा मिनिटांनी उतरवला, चटणी नुकतीच वाटली. हातही बघितले त्यांचे, त्यांनी हसून दाखवले. आता सहा पस्तीस झालेत. चला.